ठसठस

एकदा एका परिचारिकेने तीन हजार इंग्रजी शब्द पाठ केले आणि एका शब्दापायी ती नापास झाली. मिरजेची ही एस्तेर. परदेशातल्या रुग्णालयात नोकरी हवी, तर इंग्रजी संभाषणाची परीक्षा देणे भाग होते. परीक्षक रुग्णाचे सोंग घेऊन म्हणाले, "पायाच्या अंगठ्यात थ्रॉबिंग होतंय." हिच्या वहीत थ्रॉबिंगपुढे लिहिले होते 'स्पंदन'. एस्तेरबाईंनी लगेच विचारले, छातीत धडधडतं का, धाप लागते का? अंगठा बिचारा राहूनच गेला.

आता एकच संधी उरली होती. रडवेली होऊन ती आपल्या शाळेतल्या वृद्ध इंग्रजी शिक्षकांकडे गेली. "सर, आणखी अवघड शब्द द्या. माझे शब्द कमी पडतायत."

सरांनी तिची जाडजूड वही कपाटात ठेवून दिली आणि हातात एक कोरी वही दिली. "पंधरा दिवस इंग्रजी बंद. वॉर्डातली माणसं दुखणं कसं सांगतात, ते त्यांच्याच शब्दांत उतरवून आण."

"पण सर, परीक्षा इंग्रजीची आहे."

"ते मला ठाऊक नाही होय?"

एस्तेर मनातून चिडली. मला विचाराल तर मीही चिडलो असतो. तरी ती लिहीत गेली. भाजलेल्या बाईंचा हात चुरचुरत होता. वॉर्डातल्याच दगडूमामांना मांडीतनं टाचेपर्यंत सणक जात होती. नखुरडं झालेली एक आजी म्हणाली, "काय सांगू बाई, नुसतं ठसठसतंय. सगळा जीव अंगठ्यात आलाय." एस्तेरचे पेन तिथेच थांबले.

संध्याकाळी ती सरांच्या दारात उभी. "सर, थ्रॉबिंग म्हणजे ठसठस! दहा वर्षं ऐकतेय मी हे, आणि कागदावर नुसतं 'दुखतंय' लिहितेय."

सर म्हणाले, "पोरी, परका शब्द पाहुण्यासारखा असतो. त्याला टेकायला जागा लागते, आणि ती आपल्याच भाषेत असते. तू घर न झाडताच पाहुणे बोलावत सुटलीस. आता तुझी जुनी वही घेऊन जा. तीही लागेल."

दुसऱ्या परीक्षेत रुग्ण म्हणाला, "पायात शूटिंग पेन आहे." एरवी तिला सिनेमाचं शूटिंग आठवलं असतं. या वेळी दगडूमामा आठवले. "मांडीपासून टाचेपर्यंत जाते का कळ?" तिने इंग्रजीत विचारले, आणि परीक्षकांनी मान डोलावली.

निकालाच्या दिवशी पेढे घेऊन ती सरांकडे निघाली होती, पण सरांनीच फोनवर दटावले, "आधी वॉर्डात जा." दगडूमामा तपासणीला आले होते. तिने त्यांच्या हातावर पेढा ठेवला. "मामा, तुमच्यामुळे इंग्रजीत पास झाले."

मामा ओशाळून हसले. "मी अंगठेबहाद्दर माणूस. मी कसलं इंग्रजी शिकवतोय?"

एस्तेरने कोरी म्हणून मिळालेली ती वही उघडली. पहिल्या पानावर तिने वळणदार अक्षरांत आपल्या शिक्षकांची नावे लिहिली होती. तिने मामांचे नाव त्यांना वाचून दाखवले.