चार बोटं

“कोचनं किती बोललं की दंड द्यायचा?”

हा प्रश्न मी उस्मानभाईंना विचारला, की त्यांनीच मला, हे आता खात्रीनं सांगता येत नाही. एकेचाळीस वर्षं झाली. उत्तर कोणीच दिलं नव्हतं, एवढं मात्र आठवतं.

उस्मानभाई शिकलगार एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि आमच्या भागातले सर्वांत जुने बास्केटबॉल पंच. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो. पंचगिरी त्यांच्याकडून शिकलो. नियमांचं पुस्तक मात्र मला त्यांच्यापेक्षा जास्त पाठ होतं.

त्या बोलण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलींच्या सामन्यात मी एक फाउल दिला. मी बोटांनी नंबर दाखवला आणि नोंदी ठेवणाऱ्यांच्या टेबलावर तो चार नंबरच्या, म्हणजे कर्णधार कुंदा बर्गेच्या नावावर लिहिला गेला. तिचा पाचवा; पाच झाले की खेळाडू बाद. ती बाहेर गेली. तिचे कोच नलवडे ओरडत मैदानात शिरले. मी त्यांना दंड दिला आणि बाहेर काढलं. त्या मुली तीन गुणांनी हरल्या.

आता माझ्या हातात रिपोर्ट होता. तो संघटनेला दिला, की नलवडेंना वर्षभर संघाजवळ बसता येणार नव्हतं.

सकाळची वेळ. कोर्टवर आम्ही दोघंच. भाईंनी कागद वाचला.

“अक्षर छान आहे. चार कलमंही घातलीत. नलवडे काय बोलला, ते कुठंय?”

“ओरडत होते.”

“गाढवही ओरडतं, प्रोफेसर. म्हणत काय होता?”

“शब्द नीट ऐकू आले नाहीत. पण सूर उर्मट होता.”

भाई हसले नाहीत.

“चौदा नंबर टेबलाला कसा दाखवाल?”

मी उजव्या हाताची मूठ धरली आणि डाव्या हाताची चार बोटं वर केली. मूठ म्हणजे दहा. अगदी पुस्तकातल्यासारखं.

भाईंनी खांबापाशी पडलेला बॉल उचलला आणि माझ्या उजव्या काखेत दिला.

“आता दाखवा.”

मी दाखवलं.

चार बोटं.

उजवी मूठ बॉलखाली दडली होती.

“काल बॉल माझ्या हातात नव्हता, भाई.”

“नव्हता?”

“नसावा.”

“दाखवलं चार. पाहिलं काय होतं?”

“चारच.” मला वाटतं, हे मी फार घाईनं म्हणालो. मग पुस्तक मदतीला धावलं. “आणि फाउल करणाऱ्या मुलीनं हात वर करायचा असतो. नियमच आहे. चौदा नंबरनं तो केला असता.”

“केला नाही?”

“मला दिसला नाही.”

भाईंनी कागदाची घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली.

“द्या रिपोर्ट. शिट्टी तुमची होती, सहीपण तुमचीच आहे. फक्त एवढं सांगा... ओरडताना नलवडे बघत कुठं होता?”

“माझ्याकडे. आणखी कुठं बघणार?”

भाई सायकल घेऊन कामावर गेले.

मी खूप आठवून पाहिलं. डोळ्यांपुढे येत होतं ते फक्त नलवडेंचं उघडं तोंड.

दुपारी मी रिपोर्ट दिला. नलवडे वर्षभर बाहेर राहिले. वर्ष संपल्यावरही ते कोर्टवर परत आले नाहीत.

बावीस वर्षांनी मिरजेत एका शाळेच्या समारंभात खेळाच्या शिक्षिका शेजारी बसल्या होत्या. बोलता बोलता कळलं, त्या संघातली चौदा नंबर म्हणजे ह्याच. विचारावं की नको, असं माझं चहा संपेपर्यंत चाललं होतं. शेवटी विचारलं.

“फाउल माझाच होता, सर,” त्या म्हणाल्या. “नलवडे सर माझ्याकडे बघून ‘हात वरच ठेव’ असं ओरडत होते. तुमची पाठ होती माझ्याकडे. ते गेटबाहेर जाईपर्यंत मी हात खाली घेतला नव्हता.”