भोरीची तुकतुकीत कातडी

माणसं रानात गावं वसवायला नुकती शिकली होती, तेव्हा एका तळ्याकाठी चंद्री आणि भोरी या म्हशी राहत. चंद्री दिवसभर चिखलात बसे आणि जवळचं वाळलेलं गवत खाई. भोरी मात्र हिरव्या पाल्यासाठी लांबच्या ओढ्यापर्यंत जाई.

उन्हाळ्यात तळं आटलं. चंद्रीची कातडी तडकली, जखमांवर माश्या घोंघावू लागल्या. भोरीची कातडी मात्र तुकतुकीत होती. चंद्रीनं तिला हुंगून पाहिलं.

"कसला लेप लावतेस गं?"

"लेप कुठला? पाला खाते, पडलेली जांभळं खाते."

"ती तर पोटात जातात. कातडीला कशी कळतात?"

"मलाही नाही ठाऊक. चल, तूच खाऊन बघ."

चंद्री रोज तिच्याबरोबर जाऊ लागली. महिन्याभरात जखमा भरत आल्या. आता पहाटे तीच भोरीला ढुशी देई, "ऊठ गं, ओढ्यापलीकडच्या झाडाखाली काय पडलंय, ते बघू!"