कोतवालाचा काळा गाडा

फार फार वर्षांमागे, म्हणजे माझ्या पणजोबांनी ऐकली तेव्हाही ही गोष्ट जुनीच होती, एका डोंगराळ राज्यात वाजंत्र्यांचं एक गाव होतं. लहानांनो, जरा सरसावून बसा. आणि थोरांनो, तुम्ही डुलक्या घ्यायला लागलात तर मी मधेच थांबेन, आधीच सांगून ठेवतो.

त्या गावात लग्न नसलं तरी काही ना काही वाजतच असे. कोणी दारात बसून हलगी शेकतोय, कोणी संबळाची दोरी ओढतोय. या सगळ्या ताफ्याचा म्होरक्या होता एक सनईवाला. त्याने सनई ओठांना लावली की भांडायला उठलेली विहीणसुद्धा पुन्हा खाली बसायची.

त्याचं दुखणं एकच होतं. ताफ्यात माणसं बारा आणि छकडे तीन, आणि ते तिन्ही छकडे कधी एका वेळी पोचल्याचं कोणाच्याच आठवणीत नव्हतं. हलगी लग्नघरी उतरायची तेव्हा सनई अजून ओढ्यात अडकलेली असायची. एकदा तर नवरदेव वेशीवर आला, आणि ताफ्यातला फक्त झांजवाला हजर! बिचाऱ्याने एकट्याने झांजा वाजवत वरात मांडवापर्यंत नेली. वऱ्हाडी पोट धरधरून हसले आणि सनईवाल्याला महिनाभर तोंड दाखवायला जागा उरली नाही.

अशात एके दिवशी राजवाड्यातून सांगावा आला. राजकन्येचं लग्न ठरलं होतं. मुहूर्त गोरज, म्हणजे गाई रानातून परतायची वेळ. बारा जणांच्या पूर्ण ताफ्याने यावं. मुहूर्ताला ताफा उभा नसला तर दुसरा ताफा वाजवेल.

सनईवाला आनंदाने नाचायचाच बाकी राहिला. साऱ्या राज्यातून त्याची निवड झाली होती! पण पाठोपाठ त्याला आपले छकडे आठवले. तीन छकड्यांनी राजधानी गाठायची? मधे तो वळणावळणाचा घाट! आता एकच उपाय होता, मोठा गाडा हवा. सगळे एकत्र निघतील आणि एकत्र पोचतील असा.

आणि योग बघा, त्याच आठवड्यात राजधानीत कोतवालीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होता.

कोतवाल दर तीन वर्षांनी नवे गाडे घेई आणि जुने मैदानात उभे करून विकून टाकी. गाडे कसले, चालती घरंच ती! चार चाकं, ओढायला चार जनावरं, आत बारा शिपाई ऐसपैस बसतील एवढी बैठक. रंग काळा कुळकुळीत. पुढे पितळी वाघाचं तोंड, आणि हाकणाऱ्याच्या हाताशी एक घंटा. ती घणघणली की रस्ता मोकळा झालाच पाहिजे, असा दंडक.

मैदानात ही गर्दी! त्या राज्यात जुना गाडा घेण्याची एक रीत होती. आधी धाव बघायची. धाव म्हणजे चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी. तिच्यावरून अंगठा फिरवायचा. पट्टी पातळ लागली तर गाडा थकलेला, जाड लागली तर गाडा कमी चाललेला. बाप मुलाला हेच शिकवी, म्हणून त्या दिवशी मैदानातला जो तो वाकून चाकांवर अंगठे फिरवत होता.

सनईवाल्याने एका गाड्याच्या चाकावर अंगठा ठेवला आणि त्याचे डोळेच विस्फारले. धाव बोटभर जाड! "अरे, हा तर नुसता फेरफटका मारून आलाय," तो शेजारी उभ्या असलेल्या मेव्हण्याच्या कानात पुटपुटला. मेव्हणा ताफ्यातला हलगीवाला होता. त्याने दुसऱ्या चाकावर अंगठा फिरवला आणि तोही हरखून गेला.

"एक वार!" कोतवालीचा कारकून ओरडला. एका तेल्याने हात वर केला. सनईवाल्याने दोन्ही हात वर केले. तेल्याने बोली चढवली, तशी सनईवाल्याने तिन्ही छकडे देऊ केले. तेली हटेना. "आणि वर एक बैलजोडी!" सनईवाला ओरडला, तेव्हा त्याचा आवाज त्याच्या सनईपेक्षा वर चढला होता.

"दोन वार! तीन वार!"

गाडा त्याचा झाला. मेव्हण्याने त्याला उचलूनच घेतलं.

कारकुनाने मात्र चष्म्यावरून बघत बजावलं, "हे बघा, काळा रंग खरवडायचा, वाघ उतरवायचा, घंटा काढायची. मगच गाडा वाटेला लावायचा. कोतवालीची खूण दुसऱ्याच्या अंगावर शोभत नाही."

"हो हो, उद्याच!" सनईवाला म्हणाला, आणि तेव्हा तो खरंच तसं करणार होता.

पण परतीच्या वाटेवर गाडा एका खड्ड्यात आदळला आणि घंटा आपोआप घणघणली. पुढे एक कापसाची गाडी रेंगाळत होती. ती क्षणात बाजूच्या शेतात गेली. सनईवाल्याने मागेपुढे पाहिलं. मग त्याने हळूच दोरी ओढली. समोरून येणारे दोन सावकार पागोटी सावरत रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि चक्क वाकले. आयुष्यभर मांडवाच्या कोपऱ्यात बसून वाजवणाऱ्या माणसाला कोणी वाकून नमस्कार केला होता का कधी? त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नाक्यावरचा अडसर तर त्याने तोंड उघडण्याआधीच वर गेला.

गावात शिरताना लोहारकाकीची भट्टी लागत असे. नवरा गेल्यापासून भट्टी तीच चालवायची, आणि पंचक्रोशीतलं चाक तिच्या हाताखालून गेल्याशिवाय कोणाला भरवसा वाटत नसे. सनईवाल्याने ऐटीत गाडा उभा केला. "बघा काकी, धाव बघा! कोरी करकरीत!"

काकीने धावेकडे बघितलंसुद्धा नाही. ती पदर खोचून गाड्याखाली शिरली. दोन चाकांना जोडणाऱ्या लोखंडी आसावर तिने हातोडीने टिचकी मारली. डाव्या अंगाला टण्ण वाजलं. उजव्या अंगाला नुसतंच ठप्प.

"ऐकलंस का? तू तर वाजवणारा हायेस," खालूनच ती म्हणाली.

"काय झालं, काकी?"

"अरं, ह्यो गाडा चाललाच न्हाई, मग धाव कशी झिजंल? ह्यो निसता हुबा ऱ्हायला. नाक्यावर बारा शिपाई पोटात घिऊन तीन वरीस हुबा. रस्ता अडू नये म्हणून डावी चाकं रस्त्यावर आन् उजवी गटारात. सगळा भार उजव्या अंगाला. आस आतून खचलाय तुझा." ती धूळ झटकत बाहेर आली. "चालून जेवढा झिजत न्हाई तेवढा गाडा हुबा राहून खचतो. चार दिस ठिव हितं. नवा आस घडवून देते. तवर तू रंग खरवड."

सनईवाल्याचं तोंड उतरलं. चार दिवस! उद्याच वरच्या वाडीची सुपारी होती, आणि वरच्या वाडीला हा थाट दाखवायचा नाही म्हणजे काय? "काकी, सध्या काहीतरी जुजबी करा," तो अजिजीने म्हणाला. "राजकन्येचं लग्न झालं की नवा आस घालू. आणि वाघ तेवढा चिंचेने घासून द्या, लखलखीत."

"आन् रंग? घंटा?"

"राहू द्या हो. गर्दीत बरी पडते."

काकीने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग आसाला एक पट्टी करकचून आवळली. वाघ मात्र तिने घासला नाही. तो सनईवाल्याने घरी जाऊन स्वतःच घासला.

पुढचे तीन आठवडे काय सांगू तुम्हाला! सनईवाला वाऱ्यावर होता. ताफा कुठेही वेळेआधी पोचायचा. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या टोपल्या उचलून भिंतीला चिकटायच्या. घंटेची दोरी त्याच्या हाताला अशी सवयीची झाली की सनई काढायची आठवण मेव्हण्याला करावी लागे.

"दाजी," मेव्हणा एकदा म्हणाला, "काल आपण मांडवात शिरलो आणि नवरीचा मामा मागच्या दाराने परसात पळाला."

"पळू दे. वेळेत पोचलो की नाही?"

"पोचलो. पण अर्धा मांडव रिकामा होता. वाजवलं कोणासाठी?"

सनईवाल्याने कानाडोळा केला. लोक वाट देत होते, आणखी काय पाहिजे?

लग्नाचा दिवस उजाडला. बाराही जणांनी भरजरी फेटे बांधले. बैलांच्या शिंगांना रंग लागला. घाटमाथ्यावर आले तेव्हा दुपार नुकती कलली होती आणि खाली राजधानीचे कळस दिसत होते. ताशेवाल्यांना दम निघेना, त्यांनी गाड्यातच वाजवायला सुरुवात केली. सनईवाल्याच्या डोळ्यांसमोर मांडव, राजा, राजकन्या, सगळं नाचत होतं.

घाट उतरता उतरता उन्हं कलली, आणि शेवटच्या उतारावर उजव्या अंगाने कडाड् आवाज आला. गाडा कलंडला, चाक निखळून गडगडत शेतात गेलं, आणि बारा फेटे एकमेकांवर आपटले. कोणाला लागलं नाही एवढं नशीब. आस उजव्या अंगाला, पट्टीपाशीच तुटला होता.

राजधानी आता फक्त दोन कोस होती. पण ढोल-ताशे, संबळ-नगारे घेऊन दोन कोस पायी मुहूर्ताआधी गाठणं शक्य नव्हतं. आजूबाजूला मात्र भातकापणी जोरात चालली होती. पन्नासभर माणसं, बांधावर पाच-सहा बैलगाड्या. सनईवाल्याचा जीव भांड्यात पडला. तो गाड्यावर उभा राहून ओरडला, "चला रे! गाड्याला हात लावा!"

आता तुम्हीच सांगा, तो काय चुकीचं बोलला? अडलेला कोणीही हेच म्हणेल. पण त्या शिवारातल्या माणसांनी हे शब्द अनेकदा ऐकले होते. कोतवालाचे शिपाई काळ्या गाड्यातून उतरत, हेच ओरडत, आणि हात लावायला जो पुढे येई त्याला आठ-आठ दिवस वेठीला धरून नेत. लोकांनी काळा रंग पाहिला, वाघ पाहिला, हाक ऐकली. विळे तिथेच टाकून माणसं पळाली.

"अहो, थांबा!" सनईवाल्याने घाईघाईने घंटेची दोरी ओढली. मदतीसाठी घंटा! घणघण घुमली आणि जे दोघं-चौघं मागे राहिले होते तेही बांधापलीकडे गडप झाले. त्याने आणखी जोरात ओढली. साऱ्या शिवारात शेवटी एक बुजगावणं तेवढं उभं राहिलं.

सूर्य खाली खाली येत होता. सनईवाला ओढतच राहिला. अखेर मेव्हण्याने त्याचा हात धरला. "दाजी, बास. ही घंटा ऐकून आजवर कोणी जवळ आलंय का?"

सनईवाल्याच्या हातातून दोरी सुटली. त्याला एकदम लाज वाटली, अशी की कानशिलं तापली. त्याने एक धोंडा उचलला आणि वाघाचं तोंड ठोकून ठोकून पाडलं. घंटा उपटून काढली. मग तुटक्या गाड्यावर बसून त्याने सनई काढली आणि वाजवू लागला. दुसरं काही करण्यासारखं त्याच्याकडे नव्हतंच.

बऱ्याच वेळाने भातातून एक डोकं वर आलं. ती एक पोक्त बाई होती.

"अगं बया! कोतवाल सनई कवापास्नं वाजवाया लागला?"

"मी कोतवाल नाही, मावशी! वाजंत्री आहे. राजकन्येच्या लग्नाला निघालोय. गाडा मोडलाय माझा."

"मंग आधी बोलायचं न्हाई का रं बाबा!"

भातातून माणसंच माणसं उगवली. गाड्या जुंपल्या गेल्या, नगारे चढले, कोणी ताक आणून दिलं. बैल हाकताना मावशी हळहळली. "तुजी पयली हाक ऐकली व्हती आमी. साधा गाडा असता तर तवाच धावलो असतो. आत्तापतूर येशीत पोचला असतास."

ते वेशीत शिरले आणि आतून ताशे ऐकू आले. अक्षता पडल्या होत्या. ताशे दुसऱ्या ताफ्याचे होते. साऱ्या राज्यातून निवडलेला सनईवाला वेशीच्या पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी कापणीवाल्यांनी त्याचा मोडका गाडा काकीच्या भट्टीपर्यंत ओढून आणला. काकीने एका शब्दाने टोमणा मारला नाही. तिने त्याच्या हातात खरवडणी दिली आणि स्वतः भाता चालवायला बसली. चार दिवस तिचा घण चालला आणि चार दिवस तो काळा रंग खरवडत राहिला. पाचव्या दिवशी हळदीच्या रंगाचा गाडा रस्त्यावर आला.

आणि गंमत ऐका. आता त्याला वाट मोकळी मिळेनाच! कोणी पोर मागे लटके, कोणी म्हातारा म्हणे मला पुढच्या गावापर्यंत सोड, भाजीवाल्या गाडा थांबवून विचारत, कोणाचं लग्न, कोण नवरी? चाक चिखलात रुतलं की हाक मारण्याआधी दहा हात लागत. सनईवाल्याला प्रत्येक लग्नाला दीड प्रहर आधी निघावं लागे, आणि तो खुशीने निघे, कारण तो पोचेपर्यंत अर्ध्या वाटेची माणसं त्याच्या मागोमाग मांडवात आलेली असत.

तात्पर्य: धाकाने वाट मोकळी होते खरी, पण अडल्या वेळी त्या मोकळ्या वाटेवर आपण एकटेच उरतो.