दाभोळ्यांचं ठळक नाव

पापडवाल्या बायकांच्या गटाचं वेबपान चौथी शिकलेली अनसूयाबाई सांभाळायची. अध्यक्ष दाभोळ्यांना ते खुपायचं. ते काम त्यांना भाच्याला द्यायचं होतं.

"एचटीएमएलच्या खुणा टाकून पान लिहिणं म्हणजे पापड लाटणं नव्हे, बाई! बघा," म्हणत त्यांनी भरसभेत पानावर आपलं नाव ठळक अक्षरांत घातलं. पडद्यावर बघतात तो काय, नावाखालचं लसूणपापडापर्यंतचं सगळंच ठळक! नाव त्या गर्दीत हरवलं.

"मशीन बिघडलंय!" दाभोळे घामाघूम झाले.

अनसूयाबाईनं नावानंतर ठळकपणा बंद करायची खूण टाकली. पान ताळ्यावर आलं.

"मशीन धड आहे, साहेब. मोठेपणा सुरू केलात, तो कुठं थांबवायचा तेवढं विसरलात."

बायका खो-खो हसल्या आणि काम अनसूयाबाईकडंच राहिलं.