डोहाळ्यांची गच्ची

सावकाश या, शेवटची पायरी उंच आहे. ही आमची गच्ची. दुधी, घोसाळी, तोंडली, अळू, सगळं इथलं. तुम्ही भाड्याचं घर बघायला आलात, पण आधी गच्ची दाखवायची असा माझा नेम आहे. खोल्या काय, कुठेही मिळतात. आणि यातली एकेक भाजी कुणा ना कुणा गरोदर बाईने मागितलेली आहे बरं का.

ते कसं, ऐका. मी इथे राहायला येण्याआधीची गोष्ट. तेव्हा या गच्चीवर गवताची काडी नव्हती. तिसऱ्या मजल्यावर यमुना जंगम नावाची भाडेकरू होती, जतकडची. तिला दिवस गेले आणि डोहाळे लागले ते म्हणे काकडीचे. बाजारातली आणली, ती तिने बाजूला सारली. म्हणाली, "मला डोळ्यांदेखत वाढलेली हवी, वेलीवरून तोडलेली. ती खाल्ल्याशिवाय मी बाळंतपणाला माहेरी जायची नाही."

सेक्रेटरी होते तात्या वर्तक. गच्चीवर माती म्हटल्यावर भडकलेच. छत गळायला लागलं तर कोण बघणार, म्हणाले, भाडेकरूंचे एवढे लाड नकोत. पण त्यांची आई घरात बसली होती ना. ती म्हणाली, "डोहाळा मोडलास तर बाळाचे कान फुटतील. ते पाप तुझ्या माथी." तात्या नरमले, पण हेका सोडला नाही. बाहेरून मातीची एक पाटीसुद्धा वर चढायची नाही, असं बजावलं.

झालं, सगळी बिल्डिंग इरेला पेटली. माती आणायची नाही ना, मग करायची. घराघरातल्या साली, चहाचा चोथा, रस्त्यावरचा पालापाचोळा, सगळं भोकं पाडलेल्या पिंपात. वरून आंबट ताक. शेजारणी एकमेकींकडे साली मागायला लागल्या, कचऱ्याच्या डब्यात पडायला काही उरेना. आणि खरंच माती झाली हो, काळीभोर! यमुनेने त्यात बी टोचलं.

वेल चढली, फुलं आली, गळली. सातवा गेला, आठवा गेला, माहेरची माणसं न्यायला येऊन हात हलवत परत गेली. सगळ्यांच्या जिवाला घोर. नवव्यात एक काकडी धरली, बोटाएवढी, आणि नेमक्या तेव्हाच यमुनेला कळा सुरू झाल्या. असं सांगतात की तात्याच गच्चीवर धावले, काकडी तोडली आणि दवाखान्याकडे निघालेल्या रिक्षामागे पळत जाऊन तिच्या हातात दिली. काकडी कडूजहर होती म्हणे. तिने देठासकट खाल्ली. मुलगी झाली, दोन्ही कान ठणठणीत.

आजही इथे कुणाला दिवस गेले की तिने गच्चीवर अजून न लागलेलं काहीतरी मागायचं, आणि साली सगळ्या बिल्डिंगने द्यायच्या, मग ती भाडेकरू असो की मालकीण. यंदा पहिल्या मजल्यावरच्या मुजावरांच्या सुनेने फणस मागितला. आता फणस गच्चीवर मावतो होय? फळ धरेपर्यंत तिच्या पोटातलं शाळेत जाईल, हे तिलाही ठाऊक आहे. पण डोहाळा तो डोहाळा. काल आमच्या आताच्या सेक्रेटरीने आपली गाडी बाहेर गल्लीत नेऊन लावली, आणि खाली ती उभी असायची त्या जागेवरच्या फरशा आम्ही सगळ्यांनी मिळून उखडल्या.