राहीचा दोर

फौज येताना दिसली की विहिरीचा दोर काढून लपवायचा, आणि का ते विचारायचं नाही. कातळगावात मूल बोलायला लागलं की आधी हे शिकवत.

फार वर्षांपूर्वी या गावाचे दोर राही वळायची. घायपात वळून वळून तिचे तळहात शिंगासारखे टणक झाले होते, आणि जीभही काही मऊ नव्हती, असं म्हणतात. तिचा थोरला भाऊ भिवा फौजेत गेला होता. तीन वर्षं त्याचा सांगावा नव्हता.

एका चैत्रात खिंडीत धूळ उठली. तीनशे शिपाई, हरून परतलेले, ओठ फुटलेले. गावानं दारं लावली. दौलत पाटलांनी राहीला दोर काढायला सांगितलं.

"का?" तिनं विचारलं.

पाटलांनी म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी पागोटी सारखी केली. कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी एक जण म्हणाला, फौज म्हटली की लुटणारच.

"माझा दादाबी आज कुणाच्या तरी विहिरीवर उभा असंल," राही म्हणाली. "तिथं दोर असंल का, पाटील?"

आणि तिनं पोहरा सोडला. दिवस कलेपर्यंत ती एकटी शिपायांना पाणी शेंदून देत राहिली. पाणी खाली जाईल तसा दोर आपोआप लांबत गेला, असं म्हणतात. शेवटी पोहरा गाळात रुतला. गाव बुडवलंस, म्हणून म्हातारे तिच्यावर खवळले.

तेव्हा शिपाई उठले. तोच दोर धरून विहिरीत उतरले, ढालींनी गाळ उपसू लागले, भाल्यांनी कातळ फोडू लागले. दुसऱ्या दिवशी एकेक दार उघडलं, भाकऱ्या आल्या. तिसऱ्या दिवशी झरा असा उसळला की पाण्यानंच शिपायांना उचलून काठावर ठेवलं, असं म्हणतात. जाताना एका कणगीलाही कुणी हात लावला नाही.

भिवा परत आला नाही. विहीर त्यानंतर कधी आटली नाही.

आजही चैत्रात, फौजेत गेलेली गावची मुलं सुट्टीवर येतात आणि राहीच्या नावानं नवा दोर वळतात. तो विहिरीच्या चाकावर चढला की गावातला सगळ्यात म्हातारा माणूस विचारतो, "फौज आलीय. दोर काढायचा का?"

उत्तर द्यायचा मान सगळ्यात धाकट्या मुलीचा. ती दोर मुठीत धरते. "नाही काढणार."

मग म्हाताऱ्यांनी गप्प बसायचं असतं. ते बसतात.