काचेतली लाल गाडी

एका गावात एक हलवाई होता आणि त्याचा सगळा जन्म भट्टीसमोर गेला होता. पहाटे जिलबी, दुपारी बुंदी, संध्याकाळी पुन्हा जिलबी. कढईच्या धगीने त्याचा चेहरा कायम तांबडा आणि सदरा कायम ओला असायचा. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे तोंडावर वारा. पंख्याचा नव्हे. टप नसलेली गाडी डोंगराच्या रस्त्याने पळते तेव्हा लागतो तो.

मुलगा हाताशी आला आणि त्याने भट्टी सांभाळली, तेव्हा हलवाई बायकोला म्हणाला, “अगं, आता आपण एक छोटी उघडी गाडी घेऊ. रोज संध्याकाळी खिंडीपर्यंत जायचं, वर चहा प्यायचा आणि परत यायचं. तू आणि मी.”

“रोज?” हलवाईणीने विचारलं.

“रोज.”

“मग घेऊ की,” ती म्हणाली. तिनेही जन्मभर त्याच भट्टीशेजारी बसून पेढे वळले होते. वाऱ्याची हौस तिलाही काही कमी नव्हती.

त्या मुलखात पूर्वी एक राजा आणि एक राणी होऊन गेले होते आणि दोघांनाही गाड्यांचं भारी वेड होतं. राजाने शर्यतीसाठी लाल गाडी बनवून घेतली होती, लांब बोनेटची, जमिनीला टेकेल अशी, बिनटपाची. राणीने फिरण्यासाठी निळी बनवून घेतली, गोल दिव्यांची, कापडी टपाची, मागे टोपली मावेल एवढी जागा असलेली. पुढे राज्य गेलं. राणीची निळी गाडी राजवाड्याच्या दालनात दोरीपलीकडे उभी राहिली आणि शाळेच्या सहलीत गेलेल्या प्रत्येकाने ती पाहिली. राजाची लाल गाडी मात्र कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. कोणी म्हणे नदीत बुडाली, कोणी म्हणे परदेशी गेली.

जवळच्या शहरात एक कारागीर या दोन्ही गाड्यांच्या नकला बनवायचा. लपूनछपून नाही, दुकानावर तशी पाटीच होती. दोन्ही गाड्यांत इंजिन नवं आणि साधं, बसायला जागा दोघांपुरती. हलवाई आणि हलवाईण गेली तेव्हा एक लाल आणि एक निळी तयार होती. कारागिराने दोघांना आळीपाळीने दोन्ही गाड्यांतून फिरवून आणलं.

“लालमध्ये वारा जास्त, निळीत आराम जास्त,” तो म्हणाला. “पाऊस आला तर लालमध्ये भिजायचं, निळीत टप ओढून घ्यायचा. रोज चालवण्याजोग्या दोन्ही आहेत. फक्त नुसती दारात उभी करायला नेऊ नका.”

हलवाईणीला निळी आवडली. तिच्यात चढता-उतरताना गुडघे कुरकुरत नव्हते आणि चालत्या गाडीत एकमेकांचं बोलणंही ऐकू येत होतं.

हलवाई दोन्ही गाड्यांभोवती फिरला. त्याच्या मनात एक विचार येऊन बसला. निळी नेली तर गावातलं शेंबडं पोरसुद्धा म्हणणार की ही नक्कल, कारण खरी तर राजवाड्यात उभी आहे. पण लाल नेली तर? खरी लाल कुठे आहे हे कोण सांगणार? हा विचार त्याने बायकोला सांगितला नाही. तो म्हणाला, “लालच घेऊ. तिच्यात वारा जास्त आहे.” हे बोलणंही खरंच होतं, त्यामुळे तो पकडला गेला नाही.

“तुमचं मन लालवर असेल तर लाल,” हलवाईण म्हणाली. “मला खिंडीत जाण्याशी मतलब.”

घरी येतानाचा तो प्रवास फार सुखाचा झाला. हलवाईणीचा पदर फडफडत होता, हलवाई वाऱ्याने डोळे बारीक करून मोठमोठ्याने गात होता आणि त्याचं गाणं किती बेसूर आहे हे इंजिनाच्या आवाजात कोणालाच कळत नव्हतं. असं दोघं किती वर्षांत हसली नव्हती.

गावाच्या चौकात सराफाने हात करून गाडी थांबवली. हा सराफ म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. हलवायाशी तो कायम अरे-तुरे करायचा.

“काय रे हलवाई,” सराफ म्हणाला, “ही राजाची हरवलेली गाडी की काय?”

हलवाईण सांगणारच होती, पण त्याआधी हलवाई हसून म्हणाला, “तुम्हीच ओळखा.”

सराफाने गाडीला एक फेरी मारली. बोनेटवर टिचकी मारून कान लावला. चार लोक जमले होते, त्यांच्यासमोर आपल्याला कळत नाही असं म्हणणं त्याला शक्य नव्हतं. “जन्म गेला माझा खरं-खोटं पारखण्यात,” तो म्हणाला. “ही खरी आहे. कुठे मिळाली हो तुम्हाला?”

त्या ‘हो’ने घात केला. ‘अरे’चं ‘अहो’ झालेलं हलवायाने ऐकलं आणि त्याला ते जिलबीच्या पाकापेक्षा गोड लागलं. तो नुसता हसला आणि गाडी घराकडे वळवली.

“खरं का नाही सांगितलंत?” घरी आल्यावर हलवाईणीने विचारलं.

“मी खोटं कुठे बोललो?”

“खरंही बोलला नाहीत.”

“उद्या सांगतो,” हलवाई म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत दारात माणसं जमली होती. बोनेटवर झेंडूचा हार होता. लहानपणी राजाला गाडीतून जाताना पाहिलेला एक म्हातारा काठी टेकत आला होता. त्याने गाडीच्या दिव्यावरून हात फिरवला आणि तो रडायला लागला. म्हाताऱ्याचं रडणं थांबलं की सांगू, असं हलवायाने ठरवलं. पण म्हातारा दिवसभर गाडीपासून हलला नाही आणि त्याचे डोळेही कोरडे झाले नाहीत. सगळे त्याला हलवाईशेठ म्हणत होते.

संध्याकाळी हलवाईण नवं लुगडं नेसून गाडीत बसली. दोघं चौकापर्यंत पोहोचली आणि लोकांनी त्यांना अडवलं.

“शेठ, राजाची गाडी चहा प्यायला न्यायची?” पाटील कळवळून म्हणाले. “खिंडीच्या रस्त्याला खडी उडते. एक ओरखडा पडला तर कुठून आणणार आपण दुसरी?”

“तुम्हाला कळत नसेल तर आम्ही सांगतो,” सराफ म्हणाला. “खरी वस्तू कोणी रोज वापरतं का?”

हलवायाने बायकोकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि गाडी मागे वळवली. त्या दिवसापासून गाडी पडवीत चादरीखाली गेली. कधी त्याने बाहेर काढायचं मनात आणलंच, तर शेजारचे लगेच धावत यायचे. शेठ ऊन आहे, शेठ धूळ आहे, शेठ आभाळ आलंय. रोज चालवायला आणलेली गाडी रोज पुसायची झाली.

इकडे गावच्या सुईणीने कारागिराकडची निळी गाडी आणली. वाड्यावस्त्यांवर पायपीट करून तिचे पाय भरून यायचे. लोकांनी तिची खूप टर उडवली. “राणीसरकार आल्या,” म्हणाले. “पण गाडी नकलीच ना?”

“नकलीच आहे,” सुईण म्हणायची. “वाटेत कुठे उतरायचं असेल तर बसा. मला वरच्या वाडीत बाळंतपणाला जायचंय.”

जो आपणच आधी सांगून मोकळा होतो त्याला चिडवण्यात मजा राहत नाही. लोक दोन दिवस हसले आणि मग तिच्या गाडीत भोपळे, पाळणे आणि सासरी निघालेल्या लेकी बसवून देऊ लागले.

पुढे पाटलांनी सभा घेतली. एवढी मोलाची वस्तू हलवायाच्या पडवीत ठेवणं बरं नव्हे, चौकात काचेची खोली बांधू, असं ठरलं. हलवाई मान डोलावत बसला. खोली झाली, ढोल वाजले, गाडी ढकलत आत नेली. हलवायाच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला आणि पाटील म्हणाले, “शेठ, दोन शब्द बोला.”

“हीच वेळ आहे,” हलवाईण हळूच म्हणाली. “आज सांगून टाका. लोक हसतील, हसू देत. पण उद्या आपण खिंडीत असू.”

हलवाई उभा राहिला. त्याला बायकोचं बोलणं अगदी पटलं होतं. त्याने तोंड उघडलं आणि समोर पहिल्या रांगेत सराफ हात जोडून बसलेला दिसला. आजवर सराफाने त्याला कधी हात जोडले नव्हते.

“गावाची शान गावात राहिली,” हलवाई म्हणाला, “यातच मला सगळं मिळालं.”

टाळ्या वाजल्या. हलवाईणीने टाळी वाजवली नाही. घरी तिने त्याला जेवायला वाढलं आणि ती उंबऱ्यात जाऊन बसली. तिने भांडण केलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

काही दिवसांनी संध्याकाळी सुईणीची गाडी दारात थांबली. “वहिनी, वरच्या वाडीला बाळ-बाळंतिणीला बघायला निघालेय. खिंडीतून जाईन. येता का? शेजारची सीट रिकामीच आहे.”

हलवाईणीने नवऱ्याकडे पाहिलं. “जा,” तो म्हणाला. आणखी काय म्हणणार?

मग ती रोजच जाऊ लागली. हलवाई पुन्हा भट्टीसमोर बसू लागला, कारण संध्याकाळी दुसरं करायचं काय हे त्याला सुचेना. हलवाईण परत यायची तेव्हा तिचे केस विस्कटलेले असायचे आणि तिला कसलं तरी हसू येत असायचं. एकदा पाण्याचा तांब्या देताना तिचा हात त्याच्या हाताला लागला. तो गार होता. आपल्याला हवं होतं ते सगळं त्या हातावर होतं आणि आपण इथे धगीत बसलो आहोत, हे त्याला एकदम दिसलं.

सकाळी तो तडक चौकात गेला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, “माझी गाडी नकली आहे. मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. चुकलो. गाडी मला परत द्या.”

पाटील हसले. “शेठ, गाडी चालवायची हौस आली म्हणून असं काहीतरी बोलू नये.”

“अहो खरंच सांगतो.”

“म्हणजे माझी पारख खोटी?” सराफाने विचारलं. त्याचा आवाज चढला होता. त्यालाही आता मागे फिरायला जागा नव्हती.

हलवाई शहरात जाऊन कारागिराला घेऊन आला. कारागिराने बोनेट उघडून आत ठोकलेली आपली खूण दाखवली. सराफाने ती नीट पाहिली आणि म्हणाला, “ही मागाहून ठोकलेली आहे.” पाटील म्हणाले, “राजाच्या गाडीवर आपलं नाव लावायला कोणाला आवडणार नाही?” मागून तो म्हातारा काठी टेकत आला. “मी या डोळ्यांनी पाहिलीय हिला,” तो म्हणाला. “आता हिला नकली म्हणू नकोस रे बाबा.”

कारागीर जायला निघाला, तेव्हा हलवाई त्याच्या मागे गेला. “तुम्हीच काहीतरी करा,” तो म्हणाला.

“मी नक्कल बनवली होती,” कारागीर म्हणाला. “खरी तुम्ही केलीत. आता तिला पुन्हा नकली करणं माझ्या हातात नाही.”

त्या संध्याकाळी निळी गाडी दारात आली, तेव्हा हलवाईण उठली नाही. नवऱ्याला म्हणाली, “आज तुम्ही बसा.”

हलवाई सुईणीशेजारी बसला. गाडी गावाबाहेर पडली, चढाला लागली आणि पहिल्या वळणावर वारा त्याच्या तोंडावर आला. आधी त्याला हसू फुटलं आणि लगेच रडू. सुईणीने रस्त्यावरून नजर हलवली नाही. खिंडीत त्यांनी चहा घेतला, वाडीवर जाऊन बाळाला पाहिलं आणि दोघं परत निघाली.

“तुला नाही का कधी लाल घ्यावीशी वाटली?” हलवायाने उतारावर विचारलं.

“वाटली होती की,” सुईण म्हणाली. “पण दुकानात गेले तर तुम्ही ती आधीच नेलेली.”

“घेतली असतीस तर?”

“हिला चालवते तशीच चालवली असती. नक्कल आहे म्हणून सांगितलं असतं आणि भोपळे भरले असते.”

चौकात काचेच्या खोलीच्या राखणदाराने हात करून त्यांना थांबवलं. “जरा हळू न्या,” तो म्हणाला. “काचेवर धूळ बसते.” सुईणीने गाडी हळू केली. आत लाल गाडी लखलखत होती आणि बाहेर परगावचे लोक चपला काढून उभे होते.

हलवाईण उंबऱ्यात वाट पाहत होती. “लागला का वारा?” तिने विचारलं.

“लागला,” तो म्हणाला आणि तिच्याशेजारी बसला. “पण तू नव्हतीस.”

सुईणीच्या गाडीत रिकामी सीट एकच आणि दुसरी गाडी घेण्याएवढी पुंजी हलवायाकडे उरली नव्हती. तेव्हापासून एक दिवस हलवाईण खिंडीत जाते आणि हलवाई उंबऱ्यात बसतो, दुसऱ्या दिवशी हलवाई जातो आणि हलवाईण बसते. दोघं मिळून मात्र कधीच गेली नाहीत.

आता याचं तात्पर्य विचाराल तर: हौसेने आणलेल्या वस्तूवर खोटा मोठेपणा चढवू नये आणि खरं सांगायचं ते पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. तेव्हा सांगितलं तर लोक दोन दिवस हसतात. उशिरा सांगितलं तर विश्वासच ठेवत नाहीत आणि आपलीच वस्तू आपल्याला काचेबाहेरून बघावी लागते.